पेंडीचे दोनदा कापले

फोन आला तेव्हा मी चहा प्यायला खाली उतरलो होतो. सपोर्टचा मोबाइल त्या आठवड्यात माझ्याकडे होता. पलीकडून सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव बोलत होते.

"साहेब, बिलात काहीतरी घोळ आहे. एक मावशी सकाळपासून संस्थेच्या कट्ट्यावर बसल्यात. म्हणतात, पेंडीचे दोनदा कापले."

मी नेहमीचं उत्तर दिलं. बघतो, सांगतो. चहाचा ग्लास संपवला, वर आलो, आणि वर येईपर्यंत ते वाक्य विसरूनही गेलो. पुढच्या सहा-सात तासांत आम्ही चौघांनी मिळून जे शोधलं, ते त्या मावशींनी सकाळी दहा वाजता तीन शब्दांत सांगून ठेवलं होतं, हे फार नंतर लक्षात आलं.

आधी काम काय होतं ते सांगतो. आमची कंपनी लहान आहे, वारज्यात एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. दूध संस्थांचे हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ दूध किती लिटर आलं, फॅट किती, एसएनएफ किती, त्यावरून दर, आणि दर दहा दिवसांनी बिल. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. गावाकडे ह्याला बिल म्हणत नाहीत, दुधाचा पगार म्हणतात. ह्या पगारातून पेंडीचे पैसे, घेतलेली उचल, असली तर ठेव, हे सगळं कापून उरलेली रक्कम खात्यावर जाते. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. वाळव्याकडे आमचं घर आहे, आई अजून दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते, आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या मेसचं बिल बराच काळ ह्याच दहा दिवसांच्या गणितावर चालायचं.

सॉफ्टवेअर पीएचपीत लिहिलेलं. पीएचपी म्हटलं की आमच्या पिढीतले इंजिनिअर थोडं तोंड वाकडं करतात. बॅचमधले मित्र काय काय नव्या भाषांची नावं घेतात आणि आपण 'पीएचपी' म्हणालो की एक सेकंद शांतता पसरते. त्या शांततेचा ह्या गोष्टीशी संबंध आहे. मला तो कोड बदलायची जी घाई झाली होती, तिच्यात ती शांतता बरीच होती.

जुन्या कोडमध्ये सगळं काही ॲरे होतं. पीएचपीचा ॲरे ही अजब चीज आहे. इतर भाषांत ॲरे म्हणजे ओळीने लावलेले खण, शून्य, एक, दोन. पीएचपीत तोच ॲरे खणांची ओळही असतो आणि चिठ्ठ्या लावलेले डबेही. 'नाव' ह्या चिठ्ठीखाली नाव, 'लिटर' खाली लिटर. वर, कोणता डबा आधी ठेवला हा क्रमही तो लक्षात ठेवतो. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा माणूस, डोक्यावर डेडलाइन असलेला, काहीही ॲरेत टाकून मोकळा व्हायचा. आमच्या कोडमध्ये एक बिल म्हणजे ॲरे, त्याच्या पोटात दररोजच्या नोंदींचा ॲरे, रकमांचा ॲरे, कपातींचा ॲरे. प्रत्येक ठिकाणी चौकोनी कंस आणि अवतरणचिन्हं. कुणीतरी एका ठिकाणी 'अनामत'चं स्पेलिंग चुकवलं होतं. लिहिताना चुकीच्या चिठ्ठीने लिहिलं तर ॲरे तक्रार करत नाही, मुकाट नवा डबा तयार करतो. वाचताना डबा सापडला नाही तर तो नुसती एक नोटीस देतो, आणि सर्व्हरवर त्या नोटिसा कुणीतरी केव्हाच बंद करून ठेवल्या होत्या. ती अनामत किती दिवस चुकीच्या डब्यात जात होती, देव जाणे. मी ते पकडलं, शाबासकी मिळवली, आणि मला वाटलं, आता हे सगळंच नीट करू. ॲरे काढून ऑब्जेक्ट आणू. चौकोनी कंस जाऊन बाण येतील. कोड दिसायला तरी आजचा वाटेल.

ॲरेचा ऑब्जेक्ट करणं पीएचपीत इतकं सोपं आहे की ते सोपं असायला नको होतं. ॲरेच्या आधी गोल कंसात 'ऑब्जेक्ट' हा शब्द लिहा. झालं. चिठ्ठ्यांचे गुणधर्म होतात आणि तुमच्या हातात स्टॅंडर्ड क्लासचा एक ऑब्जेक्ट येतो. पण हे फक्त वरच्या थराला लागू. आतले ॲरे ॲरेच राहतात. म्हणजे बिलाला बाण, आणि आतल्या रकमांना पुन्हा चौकोनी कंस. एका ओळीत दोन्ही. बघवेना.

(जुन्या आवृत्त्यांत ह्याहून गमतीदार प्रकार होता. चिठ्ठीच्या जागी आकडे असलेला ॲरे, समजा उत्पादक क्रमांक 1, 2, 3, असा ऑब्जेक्ट करून घेतला, तर छापल्यावर आत सगळं दिसायचं पण मागितल्यावर मिळायचं नाही. काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखं. 2017 च्या 7.2 आवृत्तीत ते दुरुस्त झालं. आमच्या सर्व्हरवर 7.4 होती, म्हणून त्यातून मी वाचलो.)

मग मी तो प्रसिद्ध शॉर्टकट वापरला. ॲरे आधी जेसनमध्ये एन्कोड करायचा, म्हणजे त्याचा मजकूर करायचा, आणि तो मजकूर लगेच डिकोड करायचा. परत येताना आतपर्यंत ऑब्जेक्ट बनून येतो. पाण्याने भरलेली घागर ओतून पुन्हा भरायची, असा उद्योग आहे हा, पण एका ओळीत होतो आणि सगळे करतात.

ह्या शॉर्टकटला त्याची अशी मतं आहेत, ती हळूहळू कळली. शून्य, एक, दोन असा ओळीने असलेला ॲरे तो ॲरेच ठेवतो. पण मधली एक नोंद काढून टाकली, समजा एका सकाळचं दूध नासलं म्हणून नोंद रद्द केली, तर आकड्यांची ओळ तुटते आणि तीच यादी आता ऑब्जेक्ट होऊन येते. एका उत्पादकाच्या पावतीवर 'एकूण नोंदी: 1' असं आलं. एकोणीस नोंदी होत्या. ऑब्जेक्ट मोजायला दिला की 7.4 आवृत्ती एक वॉर्निंग देते आणि उत्तर एक सांगते, वॉर्निंग वाचायला आमच्याकडे कुणी नव्हतं. हे टेस्टिंगमध्येच सापडलं, यादीचे आकडे पुन्हा ओळीने लावून घेतले, सुटलो.

आणि रिकामा ॲरे. ज्याच्यात काहीच नाही तो ओळीचा आहे की चिठ्ठ्यांचा, हे जेसनला कसं कळणार? तो त्याला रिकामी यादी समजतो आणि ॲरे म्हणूनच परत देतो. म्हणजे ज्या उत्पादकाला काहीच कपात नाही, त्याच्या कपाती ऑब्जेक्ट झाल्याच नाहीत. तिथे बाण लावून पेंडीची रक्कम मागितली की पुन्हा एक नोटीस आणि हातात काहीच नाही, म्हणजे गणितात शून्य. कपात नाही, वजाबाकी शून्य, उत्तर बरोबर. मी टेस्ट करायला तीन उत्पादक निवडले होते. तिघांनाही कपात नव्हती. निवडताना ते मुद्दाम केलं नव्हतं, यादीतले पहिले तीन घेतले होते.

तीन तारखेला माझा बदल सर्व्हरवर गेला.

आता मुख्य गोष्ट. पीएचपीत ॲरे एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे दिला की समोरच्याला झेरॉक्स मिळते. खरं तर झेरॉक्सही लगेच काढली जात नाही, समोरच्याने पेन उघडलं की मगच निघते, पण मूळ कागद तुमच्याकडे सुरक्षित. त्याने खाडाखोड केली तरी ती त्याच्या प्रतीवर. ऑब्जेक्टचं तसं नाही. ऑब्जेक्ट दिला की समोरच्याला घराच्या किल्लीची नक्कल मिळते. किल्ल्या दोन, घर एक. त्याने आत जाऊन भिंतीला रंग दिला, तर तुमच्याही घराला रंग.

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत मला हेच विचारलं होतं आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. ही भाषा नेहमीच अशी नव्हती, हेही वाचलेलं. झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी पीएचपी 3 लिहिली, 1998 साली ती आली, तेव्हा ऑब्जेक्ट म्हणजे ॲरेवरच चढवलेला साखरेचा थर होता. आतून ॲरेच. 2000 साली आलेल्या पीएचपी 4 मध्येही ऑब्जेक्ट दिला की त्याची प्रत व्हायची. 2004 च्या जुलैत पीएचपी 5 आली आणि झेरॉक्सच्या जागी किल्ली आली. मी तेव्हा तिसरीत होतो. ज्याने आमचा हा कोड पहिल्यांदा लिहिला, त्याने ॲरेच्या भरवशावर लिहिला होता. त्याने कुठेही 'मी झेरॉक्सवर काम करतोय' असं लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. आणि मी फक्त कंसांच्या जागी बाण लावत गेलो.

बिल अंतिम करायचं बटण दाबलं की कोड आधी एक अंदाज काढायचा. पेंडीचा हप्ता कापला तर हातात येणारी रक्कम उणे तर होत नाही ना? तसं असेल तर हप्ता पुढच्या बिलात ढकलायचा. तो अंदाज काढणारं फंक्शन बिल घ्यायचं, निव्वळ रकमेतून हप्ता वजा करायचं आणि हो किंवा नाही सांगायचं. झेरॉक्सवरची आकडेमोड. मग खरं फंक्शन मूळ बिलातून हप्ता वजा करायचं. माझ्या बदलानंतर दोघांकडे एकाच घराची किल्ली होती.

पेंडीचे दोनदा कापले.

त्या मावशींची दहा दिवसांची रक्कम होती 2,860 रुपये. पेंडीचा हप्ता 700. हातात यायला हवे होते 2,160, आले 1,460. त्यांना फरकाचा आकडा दिसला, तो हप्त्याएवढाच आहे हे दिसलं, आणि त्या निघाल्या. लॉग नाही, डीबगर नाही. त्या एकट्याच आल्या होत्या, पण 214 पैकी 137 उत्पादकांचं बिल असंच निघालं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला आवडत नाही.

दहा तारखेला आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने कपातीच्या पावतीच्या छपाईत बदल केला होता. रकान्यांची रुंदी वगैरे. अकराला बिलं निघाली, चौदाला फोन. त्यामुळे साडेअकराच्या कॉलवर मॅनेजरांनी जो पहिला प्रश्न विचारला तो साहजिक होता. "कपातीला शेवटचा हात कोणाचा लागलाय?"

"माझा," ती म्हणाली. तिला लागून सहा महिने झाले होते.

"मग तुझा बदल मागे घे, आणि टेस्ट सर्व्हरवर परत बिलं काढून बघ." आवाज चढला नव्हता. पण 'टेस्टिंग केलं होतंस ना?' असं एक वाक्य त्यांनी शेवटी जोडलं, आणि ती "हो सर" म्हणाली ते आम्हाला जेमतेम ऐकू आलं.

त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं. बारा वाजता माहीत झालं. मी माझाच कोड उघडला, अंदाजाचं फंक्शन बघितलं, ती वजाबाकीची ओळ बघितली, आणि पोटात खड्डा पडला. अशा वेळी डोकं किती वेगाने चालतं! मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू. मग सांगितलं, आधी दुरुस्त करू, दुरुस्तीसकट सांगितलं तर बरं दिसेल. मग मॅनेजर दुसऱ्या मीटिंगला गेले. मग जेवणाची वेळ झाली. ती डबा खायला आली नाही. मी माझा डबा खाल्ला. त्या महिन्यात माझं अप्रेझल होतं, हेही लिहून टाकतो, कारण ते त्या दुपारभर डोक्यात होतं आणि नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

अडीचला मी क्लोन लावला. क्लोन म्हणजे ऑब्जेक्टची प्रत काढणारा शब्द. अंदाजाच्या फंक्शनला मूळ बिल न देता त्याचा क्लोन द्यायचा, की पुन्हा झेरॉक्सचा जमाना. एका शब्दाची दुरुस्ती. कुणालाही न सांगता सोमवारच्या इतर बदलांत घालता येईल इतकी छोटी, असा एक विचार येऊन गेला. गेला, पण आला होता. चालवून बघितलं. पेंडीचे दोनदा कापले.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. साडेचारपर्यंत मी त्या स्क्रीनकडे बघत होतो. मग उठलो आणि तिच्या टेबलाशी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"अगं, ते कपातीचं तुझ्या बदलामुळे नाहीये. माझ्या ऑब्जेक्टच्या बदलामुळे आहे."

तिने मान वर केली. "माहितीये दादा. दोन वाजता दिसलं मला. माझा बदल काढूनही दोनदाच कापत होतं, म्हणून ती ओळ कोणाची आहे ते बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तिने खुर्ची सरकवून जागा केली आणि विचारलं, "तुम्ही क्लोन लावून बघितला असेल ना?" मी हो म्हणालो. तिने वहीचं पान उलटं केलं. एक मोठा चौकोन, त्यात 'बिल'. आत छोटा चौकोन, 'रकमा'. "क्लोन वरवरचा असतो. बिलाची प्रत होते. पण आतल्या रकमा हाही तुम्ही ऑब्जेक्टच केलाय, त्याची नुसती किल्ली कॉपी होते. निव्वळ रक्कम रकमांमध्ये आहे." दोन बिलं, आणि दोन्हींतून निघालेले बाण एकाच 'रकमा'कडे. साधं गोल कंसातलं कास्टिंग केलं असतं, आतला ॲरे ॲरेच राहिला असता, तर क्लोनने काम झालं असतं. मी शॉर्टकट घेऊन आतपर्यंत सगळं ऑब्जेक्ट केलं होतं, म्हणून नाही झालं. किल्लीची उपमा मी वर वापरली आहे, ती तिची आहे.

मॅनेजर पाच वाजता आले. मी सांगितलं. ज्युनियरचा संबंध नाही, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. दुपारी बाराला कळलं होतं, हे मात्र त्या दिवशी सांगितलं नाही. ते नंतर, अप्रेझलच्या खोलीत, सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडं थांबले, आणि पुढचा मुद्दा घेतला. ह्यावर मी अजूनही अधूनमधून विचार करतो.

दुरुस्ती शेवटी आम्ही क्लोनने केलीच नाही. अंदाजाच्या फंक्शनला बिल द्यायचंच कशाला? त्याला दोन आकडे पुरे, हातातली रक्कम आणि हप्ता. घराचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला किल्ली देत नाहीत. तीन ओळींचं फंक्शन झालं. नंतरच्या महिन्यात आम्ही बिलाचा रीतसर क्लास लिहिला, गुणधर्मांना प्रकार ठरवून दिले, आणि तो जेसनचा वळसा काढून टाकला. आता चुकीच्या नावाने काही मागितलं तर कोड ओरडतो. नोटिसाही चालू केल्या. पहिल्या दिवशी इतक्या आल्या की लॉगची फाइल उघडेना.

कंपनीने संस्थेला पाठवलेल्या पत्रात 'तांत्रिक अडचणीमुळे' असं होतं. मला तो शब्द खटकला. वीज गेली तर तांत्रिक अडचण. इथे एका माणसाने एक ओळ लिहिली होती. पण पत्राचा मसुदा माझ्याकडे नव्हता, आणि असता तर मी वेगळं काय लिहिलं असतं, हेही सांगता येत नाही. संस्थेने फरकाचं वेगळं बिल काढलं आणि दोन दिवसांत पैसे दिले, हे सचिवांचं मोठेपण.

त्या रात्री आईला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, डेअरीचं बिल तपासतेस का गं?

"मग? कालनिर्णयावर लिहितीया की रोज. सकाळचं वर, संध्याकाळचं खाली." मला ते आकडे आठवले. लहानपणी मला वाटायचं, ते छापलेलेच असतात. "का रं? तुमचं ते कॉम्प्युटर चुकलं का काय कुणाचं?"

"नाही," मी म्हणालो. "मी चुकलो."

"किती रुपयांनी?"

मी आकडा सांगितला. एकाचा नाही, सगळ्यांचा मिळून. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, जेवलास का.

पुढचं बिल निघालं त्या दिवशी मीच सचिवांना फोन लावला. सपोर्टचा मोबाइल माझ्याकडे नव्हता, स्वतःच्या फोनवरून लावला. सगळं जुळलं का?

"जुळलं की. काय अडचण नाय."

"त्या मावशींनी बघितलं?"

"बघितलं. वही घेऊनच आल्या होत्या. पेंडीचं बरोबर हाय म्हणाल्या." मग ते हसले. "पण गुरुवारी संध्याकाळी फॅट कमी लावलं म्हणतात. ते तुमच्याकडं नाय हो, ते आमच्या मशीनचं."